दुसरी जागा फुवांची

धुळे शहरात माझ्या फुवांनी ज्याला कसली ना कसली सवय लावली नाही, असा एकही सजीव त्या काळात शोधून सापडला नसता. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात आणि फुईच्या यजमानांना फुवा. हे फुवा एका अध्यापक विद्यालयात भावी मास्तर-मास्तरणींना मानसशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात त्याचा वापर गल्लीवर करायचे. माणूस चांगला नसतो की वाईट नसतो, त्याला फक्त सवयी असतात आणि लागलेली प्रत्येक सवय बदलता येते, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. दूधवाल्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला. दूध पातळ असलं की फुवा अवाक्षर न बोलता भांडं आत न्यायचे. दूध जरा बरं असलं की दारात उभं राहून त्याच्या म्हशीची नावानिशी विचारपूस करायचे, तिच्या पायाचं दुखणं, तिचा स्वभाव, तिची वासरं. म्हशीची चौकशी करणारा प्राध्यापक दूधवाल्याच्या आयुष्यात पहिलाच होता. दूध असं सुधारलं की शेजारणी वाटी घेऊन आमच्याकडे साय मागायला येऊ लागल्या. शेजारच्यांच्या कोंबड्यालाही आपण खिडकी उघडल्याशिवाय आरवायचं नाही अशी सवय लावली आहे, असं फुवा सांगायचे. कोंबडा आरवल्यावर फुवा खिडकी उघडतात असं फुईचं म्हणणं होतं. हा वाद मी धुळ्याला होते तोवर मिटला नव्हता.

अंगानं फुवा म्हणजे हॅंगरला लावलेला शर्ट. पट्ट्याला घरी खिळ्यानं पाडलेली जास्तीची भोकं होती आणि तरी पँट वर ओढत बोलायची त्यांना सवय होती, जी त्यांनी बदलली नाही. दोन पोळ्या, थोडी भाजी, थोडं वरण, की हात धुवायला मोकळे. अशा माणसाच्या हाती माझ्या आईवडिलांनी मला सोपवलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, माझी दहावी झाल्यावर. तेव्हा मी चांगलीच जाड होते. गुटगुटीत हा शब्द लोकांनी मी पाचवीत असतानाच वापरून संपवला होता. जळगावला आमच्या घरासमोर फरसाणाचं दुकान होतं आणि दुपारी तिथली कढई तापली की माझा अभ्यास आपोआप थांबायचा. आईनं उपवास सांगून पाहिले, पण उपवासाच्या पदार्थांवर माझं सगळ्यात जास्त प्रेम. शेवटी फुवा जळगावला आले, आमच्या खिडकीत उभं राहून त्यांनी समोरच्या कढईकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "पोरीत काही दोष नाही. खिडकीत आहे. जागा बदला, सवय बदलेल." अशी मी अकरावीला धुळ्याला गेले. फुईच्या स्वयंपाकघराचा फुवांनी विचार केला नव्हता. कढई तिथंही होती, आणि ती रस्त्याच्या पलीकडे नव्हती.

पहिल्याच दिवशी फुवांनी मला भुकेचे प्रकार शिकवले. त्यांच्या मते भुका तीन असतात, पोटाची, नाकाची आणि लोकांची. पोटाची भूक हळूहळू येते आणि काहीही दिलं तरी चालतं. नाकाची भूक एकदम येते आणि तिला भजीच लागतात. लोकांची भूक सगळ्यात कठीण, कारण ती आपली नसतेच. समोरचा खातो म्हणून, समोरची वाढते म्हणून, कुणी काही बोललं म्हणून आपण खातो. "दुसरी पोळी घेण्याआधी पोटावर हात ठेवायचा आणि विचारायचं, ही भूक कुठली?" मी हात ठेवून विचारायचे. उत्तर नेहमी पोटाची असंच यायचं. माझं पोट खोटं बोलतं असा फुवांना संशय होता, पण पहिल्या आठवड्यात त्यांनी ते उघड बोलून दाखवलं नाही.

मग सुधारणा सुरू झाल्या. मोठी ताटं माळ्यावर गेली आणि लहान ताटल्या आल्या, म्हणजे थोडं वाढलेलंही भरगच्च दिसावं. फुईनं त्या ताटल्यांवर डोंगर रचायला सुरुवात केली. शेव आणि चकल्यांचे डबे सहज हाती लागू नयेत म्हणून फुवांनी ते स्वतः स्टुलावर चढून अशा ठिकाणी लपवले की पुढं त्यांनाही आठवेनात. ते शेवटी मुंग्यांनी शोधून दिले. घास तोंडात असताना हात रिकामा हवा, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की हात ताटलीच्या कडेला टेकवायचा, शांतपणे चावायचं, गिळायचं आणि मगच पुढचा तुकडा मोडायचा. फुवा स्वतः असेच जेवायचे. त्यांच्या पंक्तीला बसलेला नवखा पाहुणा त्यांचा हात थांबला की भाजी बिघडली असं समजून स्वतःही थांबायचा. खाण्यासाठी घरात एकच जागा ठरली आणि तिथं एक हिरवा रंग दिलेला पाट मांडला गेला. "पाटावर खायचं. पाट सोडून कुठंही तोंडात काही टाकायचं नाही." मी नियम अक्षरशः पाळला. कॉलेजच्या सहलीला जाताना पाट पिशवीत घालून नेला आणि बसस्थानकावर त्यावर मांडी घालून पेरू खाल्ले. फुवांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट नियमाची शब्दरचना सैल राहिली याबद्दल त्यांनी स्वतःलाच दोष दिला. पुढं तर त्या पाटाचा नुसता हिरवा रंग दिसला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटू लागलं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे फुवा वर्षानुवर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. आता ते प्रत्यक्ष घरात घडलं होतं. त्यांनी फुईला हाक मारली, मला पाट दाखवला, काढून घेतला, पुन्हा दाखवला. माझं वजन वाढलं होतं, पण त्या दिवशी फुवांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी नंतर फक्त माझ्या लग्नाच्या वरातीत पाहिला.

हे सगळं मजेत चाललं होतं, कारण फुवा कधी हिणवत नसत. नियम मोडला की ते माझ्याऐवजी नियमाकडे संशयानं पाहायचे. घरात मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती पाहुणे आले की. मी आतून सांगायचे, "तुम्ही बसा, मी मागून जेवते." पंगतीला बसलं की कुणीतरी माझ्या ताटाकडे बघतं आणि काहीतरी बोलतं, हे मला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. मागून, एकटीनं, पातेल्याजवळ बसून जेवताना कुणी बघत नाही. तिथं मी किती खायचे ते मलाच कळत नसे. पोटाला विचारायची तर गोष्टच नको, घाईघाईनं खायचं आणि कुणी यायच्या आत हात धुवायचे. एका रविवारी पाहुणे जेवून गेल्यावर फुवा पाणी प्यायला म्हणून आत आले आणि दारातच थांबले. मी तोंडातला घास गिळेपर्यंत ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"पाहुणे आले की तू मागून का जेवतेस?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"हसतात?"

मी मूठभर बुंदी तोंडात कोंबली. मला एकदम रडू आलं आणि तोंडात बुंदी होती, त्यामुळं दोन्ही नीट जमेना. फुवांनी पँट वर ओढली. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी इतके दिवस भलत्याच प्राण्याला सवय लावत होतो."

दुसऱ्या दिवसापासून मोठी ताटं परत आली, पाट बाथरूममध्ये गेला आणि फुवांनी मोर्चा लोकांकडे वळवला. पहिली फुई. आग्रह हा फुईचा धर्म होता. नको म्हणालं की दोन, पुरे म्हणालं की तीन, आणि ताटावर हात आडवा धरला तर हातावर. गरम वरण तिनं माझ्या पालथ्या पंजावर वाढलेलं आहे. "खाई ले माय, एवढंसंच शे," असं म्हणत ती जे वाढायची ते एवढंसं कधीच नसायचं. फुवांनी ठरवलं की तिला रागवायचं नाही. तिनं आग्रह न करता वाढणं संपवलं की लगेच काहीतरी छान बोलायचं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "हे लुगडं तुला शोभतं." फुई चपापली. पुढच्या जेवणाला, "आज चेहरा टवटवीत दिसतोय." लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि फुवांनी याआधी तिच्या चेहऱ्यावर मत दिलेलं नव्हतं. चारेक दिवसांत फुईच्या सगळं लक्षात आलं आणि तिनं आपला प्रयोग सुरू केला. भाताचा डाव उचलायचा, माझ्या ताटावर आणायचा, तिथं धरून ठेवायचा आणि फुवांकडे बघायचं. कौतुक आलं की डाव मागं. कौतुक साधंसुधं असलं तर डाव अर्ध्यावर थांबायचा. फुवा घामाघूम होऊन विशेषणं शोधायचे. शेवटी तिनंच एकदा डाव परातीत आपटून सांगितलं, "मी काय तुमनी कोंबडी शे? पोरले नको तर नको, मले समजस." त्या दिवसापासून घरात आडव्या हाताला मान मिळाला. फुवा मात्र पुढं आयुष्यभर जेवताना तिची स्तुती करत राहिले. सवय त्यांना लागली होती.

खरी परीक्षा हिवाळ्यात होती. यावलच्या वाटेवर आमच्या वडिलांची केळीची बाग होती आणि थंडी पडली की तिथं दरवर्षी भरताची पार्टी व्हायची. हिरवी, हाताएवढी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर कुटायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची धार. बरोबर पुऱ्या, आणि ज्याला हवी त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. सगळे नातेवाईक जमायचे आणि केळीच्या पानांवर लांबच लांब पंगत बसायची. या पंगतीचे राजे होते सोनगीरचे आबा, फुवांचे थोरले भाऊ. आबा मनानं वाईट नव्हते. शेतावरचा माणूस, गडगडाटी आवाज, आणि प्रत्येकाची एक थट्टा ठरलेली. माझी अशी होती की मी पंगतीकडे यायला लागले की त्यांनी ओरडून सांगायचं, "पोरले दोन जागा सोडा रे. एक जागामा मावस नही ती." सगळी पंगत हसायची. मग मी सहज आल्यासारखी पंपाच्या खोलीकडे वळायचे आणि सगळे उठल्यावर थंड पुऱ्या खायचे. त्या वर्षी फुवांनी मला निघताना विचारलं, "बसशील पंगतीत?" मी हो म्हणाले, पण मनात पक्कं ठरवलं होतं की आता हसले तर पुन्हा कुठल्याही पंगतीत बसायचं नाही. अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही.

बागेत पोचलो तेव्हा भरताचा वास असा सुटला होता की नाकाची आणि पोटाची भूक वेगळी ओळखायची सोय नव्हती. पानं मांडली. मी निघाले. आबांनी मान वर केली, तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि आवाज आला, "पोरले दोन जागा सोडा रे." खरोखरच दोन जागा सुटल्या. हसू पंगतीच्या एका टोकाला सुरूही झालं. माझे पाय पंपाच्या खोलीकडे वळायला लागले. तेवढ्यात फुवा माझ्या पुढून गेले, त्या दोनातल्या एका जागेवर मांडी घालून बसले आणि शेजारचं पान माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बस. दुसरी जागा माझी आहे. आबा, वाढायला सांगा, मी आज भूक घेऊन आलोय."

फुवा आणि भूक हे शब्द एकत्र कुणी ऐकले नव्हते. पहिल्या दोन पुऱ्या त्यांनी रोजच्यासारख्या संपवल्या. मग तिसरी मागितली. आबांचा हात हवेतच राहिला. चौथीला आबा म्हणाले, "तुले काय व्हयनं रे आज?" पाचवीनंतर मास्तर भूक घेऊन आल्याचं आबांनी सगळ्या बागेला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "देखा रे, मास्तर भूक लई येल शे." आणि मग कुणाचं कशात लक्ष राहिलं नाही. पंगतीच्या दोन्ही टोकांची माणसं आपली पानं उचलून जवळ आली. पुऱ्या तळणारी काकू झारा हातात घेऊन बघायला आली आणि मागं कढईतल्या पुऱ्या काळ्या झाल्या. फुवा मात्र नियमानं जेवत होते. घास तोंडात, हात पानाच्या कडेला, चावणं, गिळणं, मग पुढचा घास. त्या संथ लयीत ते जे काही खात होते त्याला अंत दिसत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पट्टा सैल केला, तेव्हा आबांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी तर त्यांची नक्कलही सुरू केली. फुवांसारखा घास घ्यायचा, हात टेकवायचा, डोळे मिटून चावायचं. पाहता पाहता सगळी पंगत तशी नक्कल करत हसू लागली.

आणि मी जेवत होते. भरीत तिखट होतं, पुऱ्या गरम होत्या. कुणी माझ्या पानाकडे बघत नव्हतं. मी हळूहळू खाल्लं, हात टेकवला, पोटावर ठेवला, विचारलं. पोटानं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. झालं, पुरे. पानात अर्धी पुरी शिल्लक होती आणि ती खाण्याची मला काही गरज वाटेना. मी उठले, हात धुतले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला तिथं विहिरीजवळ उभं राहून नाचावंसं वाटलं. खरं तर थोडी नाचलेही, केळीच्या आड.

दुपारी फुवा पंपाच्या खोलीत बाजेवर उताणे पडले होते. फुई त्यांना ओवा चारत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. ती पाणी आणायला गेली तसे त्यांनी एक डोळा उघडला.

"पोट भरलं तुझं?"

"हो."

"कुणी पाहिलं, किती खाल्लंस ते?"

"कुणीच नाही."

"लोकांचं लक्ष एका वेळी एकाच पानावर असतं," फुवा डोळा मिटत म्हणाले. "पुस्तकात आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, पुस्तकात नाहीये. पण असायला हवं."

फुवांना वाटलं होतं की हे एकदाच करावं लागेल. पण आबांना आता नवी थट्टा मिळाली होती आणि जुनी ते विसरूनच गेले. पुढच्या हिवाळ्यात मी पंगतीकडे निघाले तेव्हा आबांनी माझ्या शेजारी फुवांची जागा धरायला सांगितली, "मास्तरनी जागा धरा रे, तिना बाजूले." मग दरवर्षी फुवांना भूक घेऊन यावंच लागलं. आदल्या दिवशी ते फक्त ताक घ्यायचे आणि नंतरचे दोन दिवस ओवा. मी काही सडपातळ झाले नाही, हे सांगून टाकलेलं बरं. पण मागून जेवणं सुटलं, आणि चारचौघांत बसून जेवायला लागल्यावर जेवण आपोआप माणसात आलं. बारावीपर्यंत कपडे सैल झाले. लग्नात मी पहिल्या पंगतीला बसले आणि उखाणा घेऊन जिलेबी खाल्ली. फुवा शेजारी होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी फुवा गेले. गेले तेही त्यांच्या पद्धतीनं, कुणाला फार त्रास न देता. त्या हिवाळ्यात भरताची पार्टी करू नये असं वडिलांचं मत होतं. आबाच म्हणाले की करायची. आबा आता थकले होते, आवाज खाली आला होता. पानं मांडली आणि मी निघाले तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मी बसले. माझ्या शेजारी एक चुलतभाऊ बसायला वाकला, तशी आबांनी काठी आडवी धरली. "हाई जागा तशीच ऱ्हाऊ द्या." त्या रिकाम्या पानावर फुईनं स्वतःच्या हातानं दोन पुऱ्या वाढल्या. आग्रह केला नाही.

त्या वर्षी वाढायला गावातली नवी पोरं होती. जेवण सुरू झालं आणि थोड्याच वेळात त्यातला एक घाबरून माझ्या वडिलांकडे गेला. "काका, भरीत बिघडलं का? सगळे थांबले आहेत." मी मान वर करून पंगत पाहिली. आबा, फुई, काका, काकू, त्यांची लेकरं, सगळ्यांचा घास तोंडात होता आणि सगळ्यांचे हात पानाच्या कडेला टेकले होते. फुवांची नक्कल करता करता इतक्या वर्षांत सगळ्या खानदानाला सवय लागली होती, आणि एकालाही ते माहीत नव्हतं. सगळे शांतपणे चावत होते. मग सगळे हात एकदम उचलले गेले आणि त्यांनी पुढचा घास मोडला. फुवांनी हे पाहिलं असतं तर मला पाट दाखवला होता तसं सगळ्यांना पुन्हा पुन्हा करायला लावलं असतं.

माझं पोट भरलं होतं. पुरीवाला माझ्यासमोर आला तेव्हा सवयीनं माझा हात पानावर आडवा गेला. मग तोच हात मी पोटावर ठेवला आणि विचारलं, ही भूक कुठली? पोटाची नव्हती. नाकाचीही नव्हती. लोकांची होती, एकाच माणसाची. मी हात बाजूला घेतला आणि एक पुरी घेतली.